जिन्याखालची पेटी

सोमवारी प्लास्टर.
गवंडी म्हणाला, काय घालायचं ते आधी घाल,
नंतर भिंत उघडून मिळणार नाही.
म्हणून शुक्रवारपासून अक्कलकोट रोडच्या या घरात,
त्रेचाळीस डिग्रीत,
मी विटांवर खडूने रेघा ओढतोय.

घर चिलवेरींचं.
वर थोरले, नरसिंगराव. खाली धाकटे, श्रीहरी.
माग विकले तेव्हा पैसे वाटून घेतले, बोलणं तिथंच ठेवलं.
मधे जिना. त्याच्या दोन्हीकडे दोन दारं,
दोन कड्या, दोन मीटर,
आणि दोघांचे निरोप माझ्याकडे.

नरसिंगराव : वायफाय असताना वायर कशाला बे?
म्हटलं, काका, वायफाय म्हणजे हाक मारणं.
भिंत आडवी आली की ओरडावं लागतं.
वायर म्हणजे कानात सांगणं.
ते भिंतीकडे बघत राहिले,
मग म्हणाले, घाल.

श्रीहरी : माझी पेटी वेगळी पाहिजे.
त्यांना कागदावर दाखवलं
(कागद म्हणजे कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकेची कोरी बाजू).
प्रत्येक खोलीतून एक सलग वायर निघते,
मधे कुठं जोड नाही,
सगळ्या एका जागी येऊन बसतात.
टीव्हीमागे दोन, मुलीच्या टेबलाशी दोन, दाराच्या कॅमेऱ्याला एक.
वरच्याही तशाच.
मग ती जागा कुठली?
जिन्याखाली. तेवढंच दोघांच्या नावावर आहे.
त्यांनी पत्रिका उलटून नवरीचं नाव वाचलं.
हो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत.

लाईटच्या पाइपापासून एक फूट लांब.
ओलांडायचंच झालं तर काटकोनात.
वळण हळू घे मल्लू, केबल म्हणजे चप्पलची वादी नाही.
दोन्ही टोकांना नंबर लिही, आत्ता लिही,
संध्याकाळपर्यंत सगळ्या केबली सारख्याच दिसायला लागतात.

माझे वडील वहीफणी करायचे.
बीमचं एकेक सूत हुकाने ओढून फणीच्या घरात,
दिवसाला हजारो, शिफ्ट संपेपर्यंत मान खाली.
एक सूत चुकलं तर अख्ख्या चादरीत रेघ.
माझी तर फक्त आठ.
तरी परवा तीन नंबरचा दिवा लागेना
आणि मी त्यांच्यासारखाच चष्मा कपाळावर सारून
पुतळ्यासारखा बसलो.

मल्लू नवीन आहे. विचारतो,
केशरी शेजारी शेजारी, तपकिरी शेजारी शेजारी,
मग हिरव्यांच्या मधे निळी जोडी का घुसवली?
म्हटलं, तसंच असतं. एक तीनला, एक सहाला.
भांडण झालं काय त्यांचं?
हसलो. म्हटलं, मागं बघ, आवरणाच्या आत.
तिथं अजून पीळ आहे.
अर्ध्या इंचाहून जास्त सोडू नकोस,
जेवढा सोडशील तेवढी खरखर.

रविवारी दुपारी दोघंही जेवायला बोलवतात, वेगवेगळे.
मी मल्लूचा डबा खातो,
कडक भाकरी, शेंगाचटणी, डब्याच्या झाकणात दही.
मग एक पाइप उरतो.
पंचवीस एमएम, नऊ फूट.

वरच्या हॉलपासून खालच्या हॉलपर्यंत
सरळ घातला. पेटीकडे न नेता.
केबल नाही घातली, तसं कुणी सांगितलं नव्हतं.
फक्त नायलॉनची दोरी ओढून ठेवली आत,
दोन्ही टोकांना गाठ मारून,
पुढं कुणाला काही ओढून घ्यायचं झालं तर.
मल्लू म्हणाला, बिलात धरायचा का?
गप बस म्हटलं, सिमेंट कालव.

भिंतींचे फोटो काढले, शेजारी टेप धरून,
कुठं खिळा मारायचा नाही ते कळावं म्हणून.
दोघांना एकेक नकाशा दिला.
माझ्याकडच्या पत्रिकेवर
एक रेघ जास्त आहे, खडूच्या हाताने पुसट झालेली.

सोमवारी सकाळी गवंडी आला,
भिंतीवर पाणी मारलं, थापी उचलली.