दोन सूत

भांडुपचं इंडस्ट्रियल इस्टेट, गाळा नंबर अकरा.
खाली पत्रा कापायचं मशीन, वर ग्लेनिसचं दुकान.
जिन्यात ऑइलचा वास,
आणि मी खांद्यावर सायकल घेऊन चढतोय
अठ्ठेचाळिसाव्या वर्षी
माप द्यायला.

बायको म्हणाली होती, साडेसात हजार?
सीट वर-खाली करायचे?
पाना दे, मी करते.
खरं तर मलाही तसंच वाटत होतं.
पण ठाणं ओलांडलं की उजवा गुडघा बोलायला लागतो,
आणि करंगळी, तिच्या शेजारचं बोट
घोडबंदरला पोचेपर्यंत
माझी राहत नाहीत.

ग्लेनिस वसईची. केसात खोचलेली पेन्सिल.
काका, मारा पायडल, म्हणते,
आणि मी मारतो,
मागचं चाक जखडलेलं,
मी कुठेच जात नाही, घाम मात्र पवईच्या चढाचा.
कमरेवर, गुडघ्यावर, घोट्यावर तिने चिकटवलेले ठिपके
समोरच्या पडद्यावर हलतात.
हा माणूस मी?
ह्याचा गुडघा दर फेरीला
आत वळून कुणाला तरी शोधतोय.

मग तिने ड्रॉवरमधून काढला
दोरा, टोकाला पितळी वजन.
ओळंबा! मी जवळजवळ ओरडलोच.
तिला शब्द नवा. तिने तो हळूच एकदा म्हणून पाहिला.
सव्वीस वर्षं साइटवर
हाच हातात धरून भिंतींशी भांडलोय मी,
भर उन्हात, एक डोळा मिटून.
आज तो माझ्या गुडघ्याच्या वाटीवरून सोडलाय
आणि खाली पायडलच्या आसाशी
त्याचं जमत नाहीये.

डावा पाय सहा मिलिमीटर आखूड आहे, काका.
कुणी सांगितलं नाही?

सहा मिलिमीटर. म्हणजे दोन सूत.
किती गवंड्यांना म्हणालो असेन,
दोन सूत ना? जाऊ दे,
प्लास्टरमध्ये निघून जाईल.
आणि गेलंही. लोक राहायला आले,
त्या भिंतींवर कॅलेंडरं लावली.

सायकल कुठे शिकलात?
कन्नमवार नगर. भाड्याची, तासाला आठ आणे,
मोठ्या माणसाची, काळी.
सीटवर बसलो तर पाय पोचत नव्हते
म्हणून कैची:
दांड्याखालून उजवा पाय पलीकडे,
उजव्या काखेत सीट, डावा हात हँडलला,
सगळं अंग डावीकडे लोंबतंय
आणि घंटी वाजवायला हातच शिल्लक नाही,
म्हणून तोंडाने ट्रिंग ट्रिंग.
पाऊण पायडल पुढे, पाऊण मागे,
पडलो की अण्णा म्हणायचे,
थांब, सुतासारखा सरळ करतो.

ग्लेनिस हसली नाही.
कमरेच्या डाव्या हाडावर बोट ठेवून म्हणाली,
पाय आखूड जन्मापासून असेल. पण हे वळण शिकलेलं आहे.
अजून तुम्ही दांड्याखालीच आहात.

तिने डाव्या बुटाखाली पातळ चकती घातली,
सीट एक बोट वर, हँडल जवळ.
आता बसा.
बसलो, आणि वाकडं वाटलं.
वाटणारच, ती म्हणाली, पहिले दोनशे किलोमीटर
सरळ असणं वाकडंच वाटतं.

रविवारी पहाटे पवईचा चढ.
वेळ? बावीस सेकंद जास्त लागले. लिहून ठेवतो,
कारण बायको विचारणार.
पण गुडघा गप्प होता, वर तलावापाशी
करंगळीने बाटलीचं झाकण उघडलं,
आणि डावा पाय, इतकी वर्षं मागच्या बाकावरचा,
उतारावर एकदम पुढे येऊन बसला.

सोमवारी चेंबूरची साइट, नववा मजला.
इलियास मिस्त्री दोरी धरून म्हणाला,
साहेब, दोन सूत आहे. प्लास्टरमध्ये घेऊ?
मी नकळत भार डाव्या पायावर घेतला.
थांब, म्हटलं.
आधी ओळंबा हलायचा थांबू दे.