ग्लँडची दोरी

करूळचा घाट चढून, टेम्पोतून
उद्यमनगरात उतरलं पास्कूचं इंजिन.
"शिडाची होडी आहे," तो म्हणाला,
"वारा पडला की एवढाच आधार."

बाबालाल मिस्त्रीनं हेड उघडलं.
पाण्याच्या वाटांत मीठ, दगड झालेलं.
बोटानं खरवडून त्यानं जिभेला लावलं.
"आमच्याकडं विहिरीवरची येतात.
त्यांत गाळ."

लाईनर नवा, रिंगा नव्या.
शाफ्ट लेथवर फिरताना
जरा लचकला.
"कुठं आपटली?"
पास्कू दाराबाहेर बघत राहिला.

अंधार पडल्यावर पिंपात नळी सोडून
हँडल मारलं;
तिसऱ्या झटक्याला
पाणी थुंकत बोललं.

मिस्त्रीनं समुद्र पाहिलेला नाही.
ग्लँडमध्ये दोरीचा एक वेढा
त्यानं जास्तच भरला,
बिलात धरला नाही.