फळीपर्यंत

भिंतीला तोंड करून उभी राहते.
उजव्या हाताची दोन बोटं वर चालवते,
मुंगळ्याच्या चालीनं, आधी हे, मग ते.
तहसीन म्हणाली, घाई नको, मावशी,
खांदा कानाकडं ओढू नका, बोटांना जाऊ दे.

पेन्सिलीची पहिली खूण छातीच्याही खाली.
शेजारी नातवाच्या उंचीच्या रेघा.
तो तीन वर्षांत जेवढा वाढला
तेवढं मला दिवाळीपर्यंत चढायचं आहे.
खुणा तोच करतो.
एखाद्या दिवशी बोटं कालच्या खाली थांबतात.
तहसीननं त्याला सांगून ठेवलंय,
उतरलेली पण लिहायची.

मानेतल्या गाठी काढल्या तेव्हा
नस तुटली नाही, ताणली गेली, म्हणाले डॉक्टर.
खांदा उतरला.
पोलक्याची बाही घसरते.
केएमटीत वरच्या दांडीला डावा हात जातो
आणि पिशवी राहते उजव्यात,
उतरलेल्याला आणखी खाली ओढत.

नस दिवसाला एक मिलिमीटर भरते.
म्हणजे केवढं, मी विचारलं.
तहसीननं नखाची कड दाखवली.
हां, म्हटलं, वेणीच्या पट्टीची जाडी!
सुभाषनगरात पस्तीस वर्षं चपलांच्या वेण्या घातल्या,
तेवढं कातडं डोळे मिटून कळतं.
रात्री पडल्या पडल्या हिशेब केला,
मानेपासून खांद्यापर्यंत किती पट्ट्या.
चुकला. दोनदा.

चपलेला कान मी लावते.
माझ्या कानाची पाळी मात्र मला लागत नाही.
कुडी घालताना आरशात बघावं लागतं
टोक कुठं गेलं ते.
परवा रक्त आलं तेव्हा समजलं.

हात फिरवला की खांदा करकरतो.
नव्या चपलेगत वाजतोय, म्हणाला नवरा,
आणि तेलाची वाटी घेऊन बसला.
अंगठ्यानं, आतल्या बाजूनं,
कातडं पिईल तेवढंच, त्याच्या बापानं शिकवलेलं.
मला हसू आलं.
हसताना माझं तोंड आता एका अंगाला जातं.
तो त्याच अंगाला बघत राहिला, मुद्दाम.

आज दुपारी घरात कुणी नव्हतं.
सोळावी खूण गेली, सतरावी,
पुढं भिंत कोरी,
आणि बोटांना फळीची कड लागली.
कडेलाच मिश्रीची डबी.
ऑपरेशनच्या आदल्या रात्री मीच ठेवलेली.
तेव्हा हात सहज पोचायचा.
टाकून दे म्हणाले होते सगळे.
टाकली, म्हणाले होते मी.

बोट टेकलं. पत्रा गार.
जरा ढकलून बघितली.
वजन होतं.

मग हात खाली आणला,
सावकाश, एकेक बोट,
उतरणं हापण व्यायामच आहे.

गुरुवारी तहसीनला सांगेन, फळी गाठली.
ती टाळी वाजवेल, नातू पेन्सिल शोधेल.
डबीचं सांगायचं का
ते अजून ठरत नाही.