खरवड

आज गेटवर ओळखपत्र जमा केलं.
सव्वीस वर्षं गळ्यात होतं. मान अजून
काहीतरी लटकतंय असं धरूनच चालते.
तुर्भ्याच्या त्या प्रयोगशाळेत मी
थेंब मोजायचो, तोटीवर बोट ठेवून,
गुलाबी छटा आली की तिथल्या तिथे थांबायचं.
थांबणं, म्हणजे, मला येत होतं.

येताना वाशीला उतरलो. सेक्टर सतराच्या
कोल्ड स्टोरेजमधून सॉसेजचं पाकीट घेतलं,
वरवंट्यासारखं गोठलेलं,
चीजचे क्यूब आणि वाकड्या नळ्यांची मॅकरोनी.
दुकानदार म्हणाला, पार्टी वाटतं?
म्हटलं, हो. तसंच.

विनयाने मेतकुटाची बरणी काढून ठेवली होती.
मऊ भात, तुपाची धार, लिंबाची फोड:
या घरात कुठल्याही पडझडीवर हाच इलाज.
मी म्हटलं, नको.
मेतकूट-भातात आई बसलेली असते
कपाळाचा ताप बघत,
आणि आज कुणी कपाळाला हात लावला
तर माझं काही खरं नाही.
मला असं काहीतरी खायचंय
ज्यात माझं कुणीच नाही.

ती म्हणाली, कर मग. पण गुरुवार आहे.

म्हणून सॉसेज वेगळ्या तव्यावर.
गोल चकत्या, कडा आक्रसून वर आलेल्या,
तेल चटचट उडतंय, खिडकीतून वास
नेरूळच्या सगळ्या सेक्टरांना कळवत चाललाय
की शेवडे आज घरी आहेत.

जाड बुडाच्या पातेल्यात लोणी, लोण्यात मैदा.
मग दूध.
स्टोअर्समधला ग्लॅडविन दर नाताळला डबा आणायचा,
त्यानेच सांगितलेलं: हात थांबवू नकोस,
बाकी देव बघतो.
मी थेंबाथेंबाने ओतत गेलो,
तरी गुठळ्या.
सव्वीस वर्षांचा हात आणि गुठळ्या.

विनया मागून डोकावली.
पिठलंच की हे, म्हणाली, दुधातलं.
घोट जरा, मोडतील.

घोटलं. मोडल्या.
आणि पिठलं म्हटल्याबरोबर आलीच ना आई,
चुलीशी उकिडवी, डोळ्यांत धूर,
कुणी बोलावलं नसताना.

क्यूब एकेक विरघळले. मिरपूड. थोडी मोहरीपूड,
हे ग्लॅडविनचं नाही, माझं.
मॅकरोनी ओतली, ढवळली,
आणि चमच्याने मधोमध एक रेघ ओढली:
इकडे सॉसेज, तिकडे गुरुवार.
झाकण. मंद आच. ओव्हन आमच्याकडे नाहीच.

आभा कानातली बोंडं काढून ताटाशी आली.
बारावीची मुलगी, घरात काय झालंय ते
भिंतींकडून कळतं तिला.
दोन घास खाल्ले, तार लांबवत नेली चीजची
पार कपाळापर्यंत, मग म्हणाली,
सोमवारी मला क्लासला सोडशील?
तुझी सहा चाळीसची बस नसेल ना आता.
मी म्हटलं, सोडेन.
एवढंच. सॉसेज मात्र तिने
माझ्या ताटातलेही उचलले.

रेघ केव्हाच पुसली गेली होती.
विनयाच्या बाजूला दोन चकत्या सापडल्या,
तिने त्या बोटाने सरकवल्या, बोलली काही नाही.

मग पातेल्याचा तळ.
खाली लागलं होतं, अर्थात,
तपकिरी, कुरकुरीत, कडेने सुटत चाललेलं.
उलथनं मी उचललं, आभाने ओढलं,
आणि विनया, जिने आयुष्यात
कुणाशी खरवडीवरून भांडण हरलेलं नाही,
तिने पातेलंच मांडीवर घेतलं.

गुरुवार आहे, मी आठवण केली.
खरवडीला वार नसतो, ती म्हणाली,
आणि खरडत राहिली, बराच वेळ,
तळ दिसू लागला तरी.