नमतं

भोंगा किती मिलिमीटरला वाजवायचा
यावर अकरा दिवस वाद.

ऑतार म्हणतो, तीन.
स्वानेतीचा हा उतार तीस वर्षं तळव्यांनी वाचलाय त्याने.
खिशातली ओली माती बोटांत चुरतो, हुंगतो,
म्हणतो, कुरकुरतोय तो. ऐकू येत नाही तुम्हाला?

ग्वांत्सा तिबिलिसीहून आलेली.
स्क्रीनवरची नजर न काढता म्हणते, आठ.
त्याखाली नुसता गोंगाट. दुपारी खांब तापतो, फुगतो,
रोज भोंगा वाजला
तर खऱ्या रात्री उठणार कोण?

गोंगाट.
तिच्या लेखी गाळून फेकायचा चोथा,
त्याच्या लेखी तेच डोंगराचं बोलणं.
मी वायरमन. दोघांच्या मधे बसून
सोल्डरचा धूर फुंकत होतो.
कुणी नमतं घेईना.
डोंगर तेवढा घेत होता, रोज थोडं थोडं.

बाराव्या रात्री वीज गेली.
एका मेणबत्तीपाशी दोघं एकाच कागदावर वाकले.
ऑतारला आलेख उलटा दिसत होता,
म्हणूनच की काय, त्याला दिसलं:
रोज पहाटे चारला एक टेंगूळ.
तेव्हा ऊन नसतं, ती म्हणाली.
माती घड्याळ लावून सरकत नाही, तो म्हणाला.
पहिल्यांदाच दोघं एकदम हरले.

कंदील घेऊन वर चढलो.
खांबाला मान घासत उभी होती
जाबुलीची तांबडी गाय,
डोळे मिटून, निवांत.
दोन्ही अहवालांच्या मुळाशी तिची खाज.

हसता हसता ग्वांत्सा चिखलातच बसली.
ऑतारने हात दिला,
आणि हाताला लागलेली माती हुंगायला लावली.
लोखंडासारखा वास, ती म्हणाली. कधीपासून येतोय?
उत्तर घरून न आणता विचारलेला
तिचा हा पहिला प्रश्न.

कुंपण घातलं. टेंगूळ गेलं.
तरी दीड मिलिमीटर उरलाच,
ना उन्हाचा, ना गाईचा.
भोंगा पाचावर लावलाय. दोघंही नाखूश.
गाईने दुसरा खांब शोधलाय.
नोंदवहीत आता एक जादा रकाना आहे,
'पटलेलं नाही'.
रोज भरतात, दोन रंगांच्या शाईत.

माझं घर उताराच्या पायथ्याशी.
निघताना मी तेवढा रकाना वाचतो.
कोरा असला
की रात्री झोप लागत नाही.