पासंग

ऑर्लिन हॉगस्टाडनं एकेचाळीस वर्षं
नॉर्थ डकोटातल्या आमच्या गावी, रेल्वेफाटकाजवळच्या काट्यावर
गव्हाचे ट्रक तोलले.
आधी भरलेला, मग रिकामा,
मधला फरक तो गहू.
सख्खा भाऊ ट्रक घेऊन आला
तरी पावतीवर पौंड तेवढेच.
माझ्या काट्याला पासंग नाही, म्हणायचा,
आणि भाऊ चार वर्षं बोलला नाही.

निवृत्त झाल्यावर तो तोलायला लागला
देशभरच्या कॉलेजांचे मुलींचे बास्केटबॉल संघ.
साडेतीनशेच्या वर. त्यांतून अडुसष्ट निवडायचे.
बियाणे कंपनीच्या फुकट कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूवर
पेन्सिलीनं:
कोण जिंकलं, कुणाच्या मैदानावर,
हरलेलं तरी कुणाला हरवून आलं होतं.
खरी समिती कुठल्याशा हॉटेलात दारं लावून बसते.
तिची यादी नि याची यादी
दरसाल दोन-तीन नावांनी हुकायची.
एका वर्षी सदुसष्ट जुळली.
ते राहिलेलं एक नाव
तो अजून मासे धरताना मध्येच उच्चारतो.

या वर्षी काठावर आमचंच कॉलेज.
गाव त्याच्या दाराशी.
पाद्रीबाई रूबार्बचा मुरंबा घेऊन आल्या,
न्हाव्यानं पैसे घेतले नाहीत.
ऑर्लिन, जरा वर घे ना पोरींना,
जणू त्याच्या पेन्सिलीला भिऊन
हॉटेलातली दारं उघडणार होती.
आणि न्याकोर, आमची सेंटर, सहा फूट तीन इंच,
जिची आई टर्की कापायच्या कारखान्यात रात्रपाळी करते,
ती काही मागायला आली नाही.
ती सगळा हिवाळा त्याच्या पायऱ्यांवरचा बर्फ ओढत आली,
तशीच त्या आठवड्यातही आली.

यादी त्यानं यंदा कुणाला दाखवली नाही.

मी जिममध्ये स्कोअरबोर्डची बटणं दाबते.
फेब्रुवारीतली ती रात्र माझ्या बोटांत आहे:
समोर चार सामने जिंकलेला संघ,
आमच्या निम्म्या पोरी तापानं फणफणलेल्या,
आणि शेवटचा एक गुण
मीच चढवला, त्यांच्या बाजूला.
ऑर्लिन नंतर म्हणाला होता,
तापाचा रकाना नसतो, लोर्ना.

रविवारी संध्याकाळी जिममध्ये घडीच्या खुर्च्या,
मोठा पडदा, केचपचे डाग पडलेले टेबलक्लॉथ.
नावं येऊ लागली. पहिला विभाग, दुसरा.
नाव आलं की पडद्यावर दुसरीच पोरं-पोरी उड्या मारायची,
आमच्याकडे एकच कॅमेरा होता, शाळेच्या वार्तापत्राचा,
तोही तिसऱ्या विभागात खाली झाला.
मी शेवटच्या रांगेत, ऑर्लिनच्या शेजारी.
तो खुणा करत होता.
चौथ्या विभागात अकरावं मानांकन आलं, बारावं आलं,
कुणीतरी श्वास धरला तो धरलेलाच राहिला,
आणि मग जाहिरात लागली. केसांच्या तेलाची, वाटतं.

दिवे लावले कुणीतरी.
खुर्च्या मिटायचा आवाज, एकीमागून एक.
मी त्याच्या मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं.
बटणं दाबणारी बाई मी, मोजायची सवय:
अडुसष्ट नावं, अडुसष्ट खुणा.
बावीस वर्षांत पहिल्यांदा.
खाली रेघ मारून, रेघेच्या पलीकडे
एकोणसत्तरावं, सुवाच्य अक्षरात, आमचं नाव.

त्यानं कागदाची घडी केली, मग घडीची घडी.

न्याकोर जर्सीवर कोट चढवून आली.
किती जुळली, ऑर्लिन?
सदुसष्ट, तो म्हणाला.
म्हणजे विक्रम हुकलाच. कोण चुकलं?
तुम्ही, तो म्हणाला. तुम्हाला धरलं होतं मी आत.

ती हसली नाही. पण उभी राहिली जराशी.
मग म्हणाली, रात्री पुन्हा पडणार आहे म्हणे,
सकाळी येते मी.