उत्पन्नाचा पुरावा

कोटनाके मॅडम म्हणाल्या, कागद पाहिजे.
मी म्हटलं, बँडवाल्याले कोण कागद देते मॅडम?
वरबाप देते नारळ आन् दोनशेची नोट,
तेबी मास्टरच्या टोपीत.

कापसाच्या गाठींच्या ट्रकवर आदळलास तू,
करंजीच्या अलीकडे, रात्री पावणेदोनला,
वडकीचं लग्न वाजवून परतताना.
ट्रक रस्त्यावरच उभा.
मागे दिवा नाही, दगड नाही,
झाडाची फांदीसुद्धा नाही.
ड्रायव्हर धाब्यावर.
विमा कंपनीने लिहून दिलंय:
मयताने पाहायला हवं होतं.

शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर
तिघांनी तीन कार्डं हातात दिली.
तेरवीला चौथा आला, मालकाचा माणूस,
खिशात घडी घातलेला स्टॅम्पपेपर.
दीड लाख, ताई, आत्ताच्या आत्ता.
कोर्टात चपला झिजतील तुमच्या.
सासूने त्याला पान वाढलं,
तेरवीच्या दारातून उपाशी कोणाला धाडता येत नाही.
कागद पानाशेजारी तसाच राहिला,
वरणाचा थेंब पडून.

मग मी लग्नं शोधत निघाले.
रुंझा, उमरी, मोहदा, पुन्हा रुंझा.
तुमच्या अल्बमात आमचे हे आहेत का, बघता का जरा?
नव्या सुना चहा ठेवत,
हात पुसून पानं उलटत.

तू कुठेच मधोमध नव्हतास.
एका फोटोत नुसता कोपर.
एकात घोड्याच्या मानेमागून ट्रम्पेटचं पितळी तोंड,
आणि त्या तोंडात उलटी झालेली अख्खी वरात.
एकात लाल कोटाची बाही,
बटनं सगळी सोनेरी, तिसरं काळं.
ते मी लावलेलं. सोनेरी मिळालं नव्हतं.
मॅडमने त्या बटनाभोवती पेन्सिलीने गोल केला.

मोहद्याच्या एका बाईने अल्बमच देऊन टाकला.
तिचं लग्न टिकलं नव्हतं.
म्हणाली, परत नका आणू.

अशी बावन्न लग्नं झाली.
अजाबराव मास्टर साक्षीला आले, इस्त्रीचा सदरा घालून.
कंपनीच्या वकिलाने विचारलं,
पावसाळ्यात मयत काय करायचा?
मास्टर म्हणाले, रियाज.
सगळं कोर्ट हसलं.
टाइप करणारी बाई थांबली, हे लिहायचं का साहेब?
साहेब म्हणाले, लिहा.
फवारणीला जायचास, रोजाने,
ते मॅडमने नंतर माझ्याकडून वदवून घेतलं.

डायरीच्या मागच्या पानावर त्यांनी हिशेब मांडला.
वय एकतीस, म्हणून गुणिले सोळा.
त्याआधी एक तृतीयांश वजा,
तेवढं माणूस स्वतःवर खर्च करतो म्हणून.
मी म्हटलं, दिवसाचा एक खर्रा मॅडम,
त्यातलाबी अर्धा मास्टरले.
त्या म्हणाल्या, कायदा खर्रा मोजत नाही.
थोड्या वेळाने पेनाला टोपण लावत म्हणाल्या,
माझे बाबाही खायचे.

मागच्या तारखेला लॅपटॉप उघडला.
वडकीचं लग्न. तेच.
साहेबांनी आवाज बंद करायला सांगितला.
तू गाल फुगवून वाजवत होतास
आणि खोलीत फक्त पंखा.
नवरदेवाचा मामा तुझ्या डोक्यावरून नोट ओवाळत होता,
तू डोळे मिटलेस, खांदे वर गेले,
म्हणजे तो लांब सूर असणार,
जो पोरगी झोपली असताना घरात धरू द्यायची नाही मी.
दाराशी शिपाई उभा होता.
त्याचा पाय हळूच हलत होता, ठेक्यात.

पुढची तारीख अठ्ठावीस.
ट्रक केव्हाच सुटला, सुपुर्दनाम्यावर.
परवा पांढरकवड्याहून येताना एसटीच्या पुढेच होता,
नंबर मला पाठ आहे.
मागे नवा लाल दिवा लावलाय, चांगला मोठा.
आमची गाडी त्याच्या पुढे गेली
तरी मी मान वळवून बघत होते,
दिवसाउजेडी,
लागतो की नाही तो नीट.